सासऱ्यांचा ठिपका

तुम्ही सगळे मोबाइलला विकले गेलेले लोक आहात. डोंगरात शिरता, रेंज जाते, आणि मग हात उंच करून दगडावर उभे राहता, जणू वरून कोणी रेंज टाकणार आहे आणि तुम्ही झेलणार आहात. आपण जिवंत आहोत की नाही हे घरी कळवायला एखाद्या कंपनीच्या टॉवरची मेहेरबानी लागते, याची तुम्हाला लाज कशी वाटत नाही? मला वाटते. म्हणून मी रीतसर परीक्षा देऊन हौशी रेडिओचं लायसन्स काढलं. (पहिल्याच प्रयत्नात. घरी सगळ्यांना हे पाठ आहे.)

"जावईबापू त्या रेडिओवर बोलतात तरी कोणाशी?" सासऱ्यांनी एकदा माझ्या बायकोला विचारलं.

"शोधतोय, बाबा. अजून कोणी सापडलेलं नाही."

सासू-सासरे आमच्या खालच्याच मजल्यावर राहतात. सासऱ्यांची एक जीप आहे, लेकीपेक्षा वयाने मोठी आणि तिच्यापेक्षा लाडकी. बायकोची मोटरसायकल आहे. दोघंही खडकाळ वाटांवर गाड्या हाकणाऱ्या एका क्लबात आहेत. क्लबाची डोंगरफेरी जिथून जाते तिथे रेंज नाही, आणि सासऱ्यांना साखरेचा त्रास. वेळेवर पोटात काही गेलं नाही की आधी घाम, मग थरथर, मग चक्कर. म्हणून फेरीच्या दिवशी सासूबाई घरात नुसत्या येरझारा घालतात.

हे बघवेना, तेव्हा मी दोन्ही गाड्यांवर रेडिओ ट्रॅकर बसवायचं ठरवलं. गोष्ट साधी आहे. एक छोटी पेटी उपग्रहावरून आपली जागा ओळखते आणि ती आपल्या नंबरासकट रेडिओवरून थोड्या थोड्या वेळाने कळवत राहते. फेरी सुटते त्या मैदानात ठेवलेल्या माझ्या लॅपटॉपवर नकाशात त्या नंबराचा ठिपका दिसतो. ना टॉवर, ना कंपनी.

क्लबाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. ते म्हणाले, "या फेरीत दोन गाड्यांवर करून दाखवा. जमलं तर सगळ्या गाड्यांना लावू." मला रात्रभर झोप लागली नाही. सगळ्या गाड्या! मग सगळे क्लब! मग (उशी कुशीत घेऊन) सगळा देश!

मोटरसायकलवर अँटेना नुसती उभी करून भागत नाही, तिच्या खाली पसरट धातू लागतो. आमच्या स्वयंपाकघरात तसलं काही नव्हतं. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात होतं. मोठ्या पातेल्यावरचं झाकण मी मधोमध भोक पाडून मोटरसायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसवलं.

"आता याखाली मी दूध झाकू की बातम्या ऐकू?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, हे झाकण उद्या जीव वाचवेल."

"कोणाचा? तुमचा आज वाचला तर बघू."

बायकोने आरशात स्वतःला पाहिलं. पाठीमागे अँटेना डुलत होती. "मी विंचू दिसतेय," ती म्हणाली. पण निघाली.

जीपमध्ये जागेचा प्रश्न होता. स्टिअरिंगजवळच्या कप्प्यात पेटी अगदी मापात बसत होती, फक्त आत कसलातरी डबा होता. तो मी काढून माझ्या हत्यारांच्या पिशवीत ठेवला.

फेरीच्या दिवशी मैदानात टेबल, टेबलावर लॅपटॉप, शेजारी डॉक्टर आणि सासूबाई. गाड्या सुटल्या. ठिपका ऐटीत चालू लागला.

"गाड्या दोन, मग ठिपका एकच का?" सासूबाईंनी विचारलं.

"दोघं जवळजवळ आहेत, आई. ठिपके एकावर एक आलेत."

"इतके जवळ? एकमेकांच्या मांडीवर बसलेत का?"

पुढे वाट फुटते. मोटरसायकली कड्यावर चढतात, जीपा खालच्या कोरड्या नदीपात्रातून जातात. आणि तिथे ठिपक्याने उडी मारली. पात्रातून थेट कड्यावर. कड्यावरून परत पात्रात. पुन्हा कड्यावर.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "तुमच्या सासऱ्यांची जीप विमानाला मागे टाकतेय."

"उपग्रहांची थोडीफार चूक असते."

"थोडीफार म्हणजे डोंगराएवढी?"

एकेक करून बाकीच्या गाड्या परतल्या. सगळ्यांत मागे राहिलेले सासरे आले नाहीत, बायकोही नाही. ठिपका मात्र उड्या मारून दमत नव्हता. मी पेचकस शोधायला पिशवी उपडी केली, आणि त्यातून तो डबा घरंगळत सासूबाईंच्या पायाशी गेला.

त्यांनी तो उचलला. उघडला. बंद केला. "हा ह्यांचा खाऊचा डबा आहे," त्या अगदी हळू म्हणाल्या. "जीपमध्ये असायला हवा होता."

आता बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी भाषण केलं. "शेवटचा ठिपका कड्यावर आहे. सगळ्यांनी कड्यावर चला!"

"अहो, आमच्या फाटकाचा चढ ती जीप एका दमात चढत नाही. कड्यावर कुठून जाईल?"

"आई, ही वेळ भावनेची नाही, डेटाची आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डबा पदरात घेतला आणि मैदानावर उभ्या असलेल्या ॲम्ब्युलन्समध्ये जाऊन बसल्या. "नदीच्या पात्रात," त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं.

मी डॉक्टरांच्या गाडीतून निम्मा डोंगर आणि पुढचा पायांनी चढलो. वर एका दगडावर बायको बसली होती. शेजारी पंक्चर झालेली मोटरसायकल, त्यावर सासूबाईंचं झाकण चमकत होतं.

"बाबा कुठे आहेत?" मी धापा टाकत विचारलं.

"मला काय विचारतोस? त्यांच्यावर लक्ष ठेवायला तू बसला होतास ना?"

"त्यांचा ठिपका इथे आहे."

"इथे मी आहे." तिचे डोळे बारीक झाले. "जीपच्या पेटीला तू नंबर कुठला दिलास?"

"नऊ. चालत्या वाहनाला नऊ द्यायचा. आम्हा हौशी रेडिओवाल्यांची तशी प्रथा आहे."

"आणि माझ्या पेटीला?"

"मोटरसायकलसुद्धा चालतं वाहनच..." एवढं बोलून मी वाक्य सोडून दिलं. तिला ते पूर्ण ऐकायचं नव्हतं. ती पात्राकडे उतरणाऱ्या पायवाटेने धावत सुटली होती. मागून मीही उतरलो. बराचसा बसून.

जीप वाळूत चाकांपर्यंत रुतली होती. शेजारी ॲम्ब्युलन्स. सासरे जीपच्या पायरीवर टेकले होते, शर्ट घामाने चिंब, चेहरा राखेसारखा. सासूबाई डब्यातून एकेक घास त्यांच्या हातावर ठेवत होत्या, आणि तो हात अजून थरथरत होता. बायको त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. हळूहळू त्यांच्या ओठांवर रंग आला.

"रस्त्यापर्यंत चालत जाणार होतो," सासरे शेवटी म्हणाले. "तेव्हा अंगात ताकद होती. पण त्या पेटीवरचा लाल दिवा सारखा लागत होता. दिवा लागला की वाटायचं, जावईबापूंना दिसतंय. येतीलच आता. म्हणून बसून राहिलो."

हे ते चिडून म्हणाले असते तर बरं झालं असतं.

"बाबा," मी म्हणालो, "पुढच्या वेळी दोन्ही पेट्यांना वेगवेगळे नंबर..."

सासूबाईंनी डब्याचं झाकण लावलं. मोठ्याने.

ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर इतका वेळ स्ट्रेचर धरून उभा होता. त्याने सावरून बसलेल्या सासऱ्यांना पाहिलं, मग वाळूमातीने माखलेल्या, एक बूट हरवलेल्या मला पाहिलं आणि अदबीने सासूबाईंना विचारलं, "बाई, पेशंट तर बरे झाले. पण रिकामी गाडी परत नेली की मला विचारतात, इंधन कुठे जाळलंस म्हणून. हे तुमचे जावई जरा आडवे होतील का?"