साडेबाराचा रकाना

पिस्तूल कमरेला लावलं की माणूस पिस्तुलासकट दिसेनासा होतो, याबद्दल माझी तक्रार नव्हती. माझी झोप उडाली ती एवढ्याच विचारानं, की मग शाळेच्या फाटकावर जाईला न्यायला आलेलं कोण दिसणार?

जाई, माझी मुलगी, पाच वर्षांची आहे. सिमेंट कारखान्याच्या कॉलनीत आम्ही दोघीच राहतो, क्वार्टर नंबर अठ्ठावन्न. कारखान्याची भट्टी बंद पडून तीन वर्षं झाली. श्रीरंग, माझा नवरा, ओमानला दुसऱ्या भट्टीवर गेला. तिथून तो रोज सकाळी ‘सगळं ठीक?’ असा मेसेज पाठवतो आणि मी अंगठा पाठवते. आमच्या ओळीत बावीस क्वार्टर आहेत, त्यांतल्या एकवीस दारांना कुलपं. शेजारच्या मेश्रामकाकूही दोन वर्षांपूर्वी नागपूरला मुलाकडे गेल्या, निदान मला तसं वाटत होतं.

गेल्या महिन्यात चौदा तारखेला, भर दुपारी, मागच्या दाराची कडी कोणीतरी दोनदा वाजवली. उघडलं तर अंगणात कोणी नव्हतं. पोलिसांनी येऊन कारणाच्या जागी ‘वारा’ असं लिहून नेलं. त्या दिवशी वारा नव्हता. मी एम.एस्सी. झाले आहे, वारा आहे की नाही एवढं मला कळतं. तरी मी दोरीवरच्या कपड्यांकडे पुन्हा एकदा पाहून घेतलं. मग दुसऱ्या दिवशी तहसील कार्यालयात जाऊन परवान्याचा अर्ज दिला.

अर्ज मंजूर झाला. खिडकीतल्या बुटलेबाबूंनी प्रशिक्षकांची यादी पुढे सरकवली. यादीत तीन नावं होती.

“बारा तासांचं प्रशिक्षण लागते,” ते म्हणाले. “कोणाकडं घ्यायचं ते तुम्ही ठरवा.”

“यातलं चांगलं कोण?”

“काळमेघ सर. एक नंबर माणूस. पंधरा वर्षांत त्यांना कोणी पाहिलं नाही. पण ते वारले असतील.”

“असतील म्हणजे?”

“पक्कं कसं सांगणार मॅडम? घरी जाऊन हाक मारून पाहा. ‘ओ’ आली तर फी भरा.”

मी गेले. काळमेघ सरांच्या पत्नीनं मला वेताच्या खुर्चीसमोर बसवलं. “खुर्चीतच असतील,” त्या म्हणाल्या. “मी रोज ताट ठेवतो. कधी संपते, कधी नाही संपत. मांजर बी आहे म्हणा घरात.” मी खुर्चीला नमस्कार केला, माझी अडचण सांगितली. उत्तर आलं नाही. अर्ध्या तासानं बाईंनी आम्हा तिघांसाठी चहा आणला. दोन कप रिकामे होईपर्यंत मी थांबले आणि निघाले.

दुसरा वर्ग तृप्ती मॅडमचा, झेरॉक्सच्या दुकानावर. दाराबाहेर बायकांच्या चपलांचे सात जोड होते. आत सात रिकाम्या खुर्च्या आणि प्रचंड गलका.

“आली बाई एक दिसणारी!” कोणीतरी म्हणालं.

“साडी छान आहे हो हिची.”

“आपण बऱ्या. मला तर दोन वर्षांत इस्त्री माहीत नाही.”

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण कुठे पाहून हसावं ते कळेना. म्हणून फळ्याकडे पाहून हसले. तेवढ्यात खिडकीजवळच्या खुर्चीतून आवाज आला, “अगं कल्याणी, तू? मी मेश्रामकाकू!”

“काकू, तुम्ही नागपूरला गेला होतात ना?”

“कुठली जाते! सुनेचं आणि माझं जमतं का? इथंच आहे, सत्तावन्नमध्ये. शिकणं कधीच संपलं, वर्गाला गप्पांसाठी येते. रोज तुझ्याकडं पाहून हसते.”

“मला दिसलं नाही.”

“कसं दिसणार? आणि हे बघ, चौदा तारखेला कडी वाजवली ती मीच. शेवयाची खीर केली होती. तू दार उघडलंस, माझ्या आरपार पाहिलंस आणि लावून घेतलंस. तेव्हा आठवलं, आपण पिस्तुलाचा पट्टा काढायलाच विसरलो.”

“मला आवाज तरी द्यायचा, काकू.”

“तुझं तोंड इतकं घाबरलेलं होतं, मला वाटलं आता बोलले तर किंचाळशील. खीर मीच खाल्ली.”

मी तृप्ती मॅडमना, म्हणजे ज्या दिशेला खडू हवेत थांबला होता तिकडे, विचारलं की माझा अर्ज त्या कडीमुळेच होता, तर आता तो मागे घेता येईल का. मॅडम म्हणाल्या, मंजूर झालेली भीती मागे घेता येत नाही, तशी तरतूद नाही.

“मग तुम्ही पट्टा काढत का नाही?” मी काकूंना हळूच विचारलं.

खुर्ची थोडी करकरली. “आधी बरं वाटायचं गं. मग सवय झाली. आता काढला तर लोक विचारतील, इतके दिवस कुठं होतीस म्हणून. काय सांगू? ये कधीतरी घरी.”

“येते,” मी म्हणाले. पण सत्तावन्नला बाहेरून कुलूप असतं. काकू बाहेर गेल्या आहेत की दाराशीच उभ्या आहेत हे कळायला मार्ग नाही, आणि कुलूप लावलेलं दार वाजवताना मला कोणी पाहिलं तर, हाही प्रश्न होताच. कोण पाहणार होतं म्हणा.

तिसऱ्या उईकेबाई. वनखात्यातून निवृत्त झालेल्या. अंगणात खाटेवर बसून लसूण सोलत होत्या आणि पूर्ण दिसत होत्या.

“बाळगणं शिकायला अर्धा तास पुरते,” त्या म्हणाल्या. “बाकीचे साडेअकरा तास मी काढणं शिकवतो. लोक तेच विसरून जातात.”

मी त्यांना निवडलं. फार विचार करून नाही. प्रश्न विचारताना ज्यांचं तोंड दिसत होतं अशा त्या एकट्याच होत्या.

रोज सकाळी त्या लसूण सोलत आणि मी सरावाचा रिकामा पट्टा घेऊन समोर उभी. “लाव. काढ. लाव. काढ. बकल पाहू नको, हातानं काढ.” चौथ्या दिवशी मी मुद्द्याचं विचारलं.

“मी जाईचा हात धरला, तर तीही दिसेनाशी होईल ना?”

“नाही. परवाना तुझ्या नावाचा आहे.”

“म्हणजे रस्त्यानं ती एकटी दिसेल.”

“दिसेल एकटी. राहील तुझ्यासंग.”

“पण दिसेल एकटी.”

त्यांनी सोललेलीच पाकळी पुन्हा सोलल्यासारखी केली. “हो,” त्या म्हणाल्या. “त्याले इलाज नाही.”

प्रशिक्षण संपल्यावर पिस्तूल मिळालं आणि नमुना बारा मिळाला. त्यात दिवसातल्या कोणत्या वेळी बाळगणार ते लिहून द्यायचं असतं. एकदा दिलं की तीन वर्षं बदल नाही. भरायच्या आधी एक आठवडा सरावाचा. मी बँकेपुढे ‘होय’ लिहिलं. भाजीबाजारापुढे ‘नाही’, कारण नुसत्या आवाजाला कोणी कोथिंबीर देत नाही. दुपारी साडेबाराचा रकाना मोकळा राहिला.

साडेबाराला शाळा सुटते. शाळेतून घरापर्यंत अकरा मिनिटांची वाट आहे, शेवटची सहा मिनिटं बंद क्वार्टरांसमोरून. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती त्याच सहा मिनिटांची. जाईला वाटत नाही. तिचा डावा हात माझ्या हातात असतो, उजवा ती उगाच लांब बाहेर धरून चालते. “हात खाली घे, नीट चाल,” असं मी रोज सांगते. ती घेत नाही.

शाळेच्या फाटकाची एक रीत आहे. शेवंतामावशी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून विचारतात, “कोण आलं तुझं?” मुलानं बोट दाखवायचं, मगच सोडतात. दोन वर्षांपूर्वी एक मूल चुकून दुसऱ्याच्याच आजोबांबरोबर गेलं आणि तिकडे जेवून परत आलं, तेव्हापासून.

सोमवारी मी पट्टा लावून गेले. नेहमीसारखी सायकल स्टँडच्या खांबाशी उभी राहिले. हाक मारायची नाही असं ठरवलं होतं. काय होतं ते पाहायचं होतं. पाहिल्यावर रकाना भरता येईल असं वाटलं. एका बाईचा टिफिन माझ्या पोटाला लागला आणि तिनं खांबाकडे रागानं पाहिलं.

“कोण आलं तुझं?” शेवंतामावशींनी विचारलं.

जाईनं सगळ्या आयांकडे एकदा पाहिलं. मग खांबाकडे बोट केलं.

“कोन हाय तिथं? मले तर कोनी दिसत नाही.”

“मला पण नाही दिसत,” जाई म्हणाली. “पण ती रोज तिथंच उभी राहते.”

मावशींनी विचार केला. बोट दाखवायचं एवढाच नियम होता. “जाय मग,” त्या म्हणाल्या.

मी तिचा हात धरला. तिनं वर पाहिलं नाही. बंद क्वार्टरांपाशी मागून मोटरसायकल आली, पुढे गेली, वळली आणि आमच्यासमोर थांबली.

“एकटीच का गं बाळ?” माणूस म्हणाला. “कुठं राहतेस? चल, बस, सोडून देतो.”

मी काहीतरी बोलायला हवं होतं. परवानाधारकानं अशा वेळी काय म्हणावं हे नमुन्याच्या मागे छापलेलंही आहे. पण नमुना घरी होता. मी तिथं होते, तिचा हात माझ्या हातात होता आणि तिच्या मदतीला कोणीच नव्हतं. मग बकलकडे न पाहता माझ्या हातानं पट्टा काढला आणि पिशवीत टाकला.

माणूस दचकला. “अरे ताई! दिसल्याच नाही तुम्ही.”

“इथंच होते,” मी म्हणाले.

त्यानं किक मारली आणि गेला. तो चांगला होता की वाईट, मला अजून माहीत नाही.

जाईनं मला खालून वरपर्यंत पाहून घेतलं. पाहून झाल्यावर मान वळवली. तिचा उजवा हात नेहमीसारखाच लांब होता आणि बोटं कशाभोवती तरी मिटलेली होती. त्या हाताच्या पलीकडे, जिथं कोणी नव्हतं तिथं, वर बघत ती म्हणाली,

“काकू, आता तू पण काढ.”