गायकवाडकाकांची वाकडी चूल

आमच्या कॉलनीतल्या गायकवाडकाकांना चूल घालणं काही केल्या जमत नसे. आणि पुरानंतर त्यांनी नेमकं तेच काम हौसेनं अंगावर घेतलं!

तसे काका छापखान्यातले कारकून. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, जेवण द्वारका चौकाजवळच्या खानावळीत. पण त्या वर्षी गोदावरी काठच्या वस्तीत शिरली, आणि पाणी ओसरताच काका पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले. बाकीची मंडळी पत्रे, घोंगड्या, धान्य वाटत होती. हे मात्र टोपलीभर माती घेऊन घरोघर. "आधी चूल! छप्पर येतंय मागून!"

चूल तरी कशी? एक बाजू उंच, दुसरी बसकी. बाया तोंडाला पदर लावून हसत आणि "सरका हो भाऊ" म्हणत ती मोडून नव्याने घालत.

मी पालिकेच्या शाळेत शिक्षिका. पूरग्रस्तांची छावणी आमच्याच शाळेत होती आणि माझं डोकं आधीच फिरलेलं. मी म्हटलं, "काका, कशाला त्या बायांचं काम वाढवता? गोण्या उचला की!"

"बाई, गोण्या कुणीही उचलील," म्हणत स्वारी पुढच्या घरात.

छावणीत सोनाबाई होत्या. घर वाहून गेलेलं, मागेपुढे कुणी नाही. भिंतीला टेकून बसायच्या, अन्नाला शिवायच्या नाहीत. "माझी चूल गेली. आता लोकाच्या चुलीवरचं गिळून कुणासाठी जगू?" मी समजावलं, रागावले, शेवटी डॉक्टरांना आणलं. ते म्हणाले, असंच चाललं तर म्हातारी हातची जाईल. मला तर रडूच कोसळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका टोपली घेऊन हजर. व्हरांड्यात, सोनाबाईंच्या डोळ्यांसमोर, मांडी ठोकून चूल घालायला लागले. ती इतकी भयंकर की आधीच्या बऱ्या म्हणाव्यात. लाकडं सारायच्या तोंडापुढेच त्यांनी मातीचा ढीग थापला.

"अरे मेल्या!" म्हातारी कडाडली. "लाकडं काय तुझ्या डोक्यात घालायची? हो बाजूला!"

भिंत धरत धरत ती उठली आणि तिने मातीत हात घातले. काका निमूट माती मळून देत राहिले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"काका, तुम्हाला चूल घालता येते!"

"शूऽ! हळू बोला, बाई."

दुपारभर गोवऱ्या जाळून सोनाबाईंनी चूल सुकवली आणि भाकरी थापली. पहिली भाकरी काकांपुढे धरली. "बायकोनं काय शिकवलं नाय व्हय रं तुला?"

"शिकवलं होतं, मावशी," काका म्हणाले. "आजारपणात ती अशीच अन्न सोडून बसायची. मी मुद्दाम वाकडी चूल घालायचो. चिडून उठायची, नीट करायची, मग दोन घास खायची. शेवटची मात्र वाकडीच राहू दिली तिनं."

सोनाबाईंनी भाकरी मोडून अर्धी काकांच्या हातात दिली आणि उरलेली स्वतःच्या तोंडाला लावली.