दादांचं कांबळं

दादा मेघूमल गिऱ्हाइकाच्या गळ्यातल्या मफलरचा धागा उपटायचे, जाळायचे आणि वास घ्यायचे. केस जळल्यासारखा वास आला की खूश. "असली लोकर, साईं!" नाही आला तर, "सुती आहे. फेक दो!" गिऱ्हाईक तापायचं. मी त्यांचा फिटर, शेजारीच उभा. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

उल्हासनगरच्या कॅम्पात बराकीला लागून दादांचं वेल्डिंगचं दुकान. पलीकडे बिऱ्हाडं, मध्ये भिंत गोणपाटाची. एक ठिणगी पुरे. म्हणून वेल्डिंगची बत्ती पेटवण्याआधी दादा गोणपाटावर कांबळं टांगायचे. लोकरीचंच, कारण लोकर करपते, भडकत नाही. ओलं पोतं लावू म्हटलं की खवळायचे. "पोता सुखतो, आदमी विसरतो!"

कांबळं सरकारी, निर्वासितांना वाटलेलं. त्याची पार चाळण झालेली.

एकदा थंडीत मी बदलापूरहून जरा लवकरच आलो. दादा दुकानात दोन पोती पांघरून मुटकुळं करून पडलेले. दात वाजतायत आणि कांबळं खिळ्याला! मला बघून ताडकन उठले, पोती पायानं मागे ढकलली.

"दादा, कांबळं का नाही घेत?"

"मुफ्त का है," ते खाली बघून म्हणाले. "लाइनीत हात पसरून घेतला. कामाला ठीक. अंगावर घेतला तर झोप नाही येत, साईं."

त्यांचे कान लाल झाले. मी दुरुस्तीला आलेल्या सायकलच्या चाकाकडे बघत राहिलो. असं कुणाला उघडं बघू नये.

दुसऱ्या दिवशी घरची नवी घोंगडी नेली. "घ्या, आईनं दिलीय" म्हटलं असतं तर त्यांनी परत पाठवली असती. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. म्हणून आवाज चढवूनच म्हणालो, "ही कामाला चालेल का, तपासा!"

धागा जाळला, हुंगला. "असली!"

"तेवढ्यानं काय होतंय? धग आत येऊ देते का, ते कोण बघणार? थंडी अडवली तर धगही अडवेल. अंगावर घेऊन बघा."

दादांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग घोंगडी काखेत मारली.

सकाळी विचारलं, "काय, पास?"

"एक रात में क्या पता चलता है?" दादा तोंड फिरवून म्हणाले.

शिमगा झाला, उकडायला लागलं. दादांची तपासणी चालूच होती. मीही पुन्हा निकाल विचारला नाही.