वेल्मा पास झाली!

जपानमधल्या आमच्या बेटावर इंग्रजी येणारं माणूस एकच, आणि ते म्हणजे मी! रेडिओवरचे धडे ऐकून शिकलेय, उगाच नाही! अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या वेल्मा आणि लॉर्ना या बहिणी दर वसंतात आमच्याकडे राहायला येत, तेव्हा सगळ्या गावाचं बोलणं माझ्याच तोंडून व्हायचं.

त्यातली थोरली वेल्मा माझी खास. दोघी मिळून मुळ्याचं लोणचं घालायचो आणि नवऱ्यांना नावं ठेवायचो. तिला खूळ एकच, जपानी भाषेच्या परीक्षेचं. दरवर्षी बसायची, दरवर्षी आपटायची!

मार्चमध्ये लॉर्नाचा फोन आला. आवाज बसलेला.

"यासुए, वेल्मा पास्ड."

"पास झाली?" मी किंचाळलेच. "अभिनंदन! मला ठाऊकच होतं, तुम्हा सगळ्यांत पहिला नंबर तिचाच लागणार!"

पलीकडून हळूच, "थँक्यू. असं कुणीच म्हणालं नव्हतं मला. मी एप्रिलमध्ये येतेय. वेल्मालाही आणते."

"आण की! तिच्याशिवाय कसली मजा!"

लागले कामाला. शाळेचा बँड ठरवला. धक्क्यावर हा एवढा फलक लावला, 'शाब्बास, वेल्मा!' पातेलंभर लाल भात शिजवला. तो आमच्यात आनंदाच्या दिवशीच करतात.

"अगं, आवाज बसलेला होता म्हणतेस," आमचे हे म्हणाले. "एकदा नीट विचार तरी."

"तुम्हाला काय कळतंय हो इंग्रजीतलं? आनंदानेही घसा बसतो!"

बोट लागली. बँड दणाणला. लॉर्ना एकटीच उतरली. अंगात काळा कोट, छातीशी निळा डबा.

"वेल्मा कुठाय?" मी तिच्या मागे डोकावले.

तिने डबा माझ्या हातात ठेवला. "ही काय. अर्धी राख आईशेजारी पुरली. अर्धी यासुएला दे म्हणाली होती."

डबा हलका होता. माझी वेल्मा सायकलवर बसली की सायकल विव्हळायची हो! इंग्रजीत माणसं परीक्षेत पास होतात, तशी जगातूनही पास होतात. रेडिओवाल्यांनी हे सांगितलं, तेव्हा मी बहुतेक भात उतरवायला उठले असेन.

लॉर्ना फलकाकडे बघत होती. "चर्चमध्ये मी सगळ्यांना सांगितलं, जपानमध्ये माणूस वारला की त्याचं अभिनंदन करतात, रडत नाहीत. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मीही नाही रडले, यासुए. आजवर एक थेंब नाही."



मी ठरवलं, गप्प बसायचं. बिचारीचा तेवढाच आधार आहे, तो कशाला काढून घ्या! पण तोंडातून असा हंबरडा फुटला की बोटीचा भोंगा झक मारेल! ह्यांनी पुढे होऊन डबा अलगद काढून घेतला.

लॉर्ना दचकली. "अगं, तुमच्यात रडत नाहीत ना?"

"रडतात गं! धाय मोकलून रडतात! मलाच इंग्रजी येत नाही!"

ती माझ्या गळ्यात पडली आणि अशी रडली, अशी रडली, की माझा खांदा भिजून गेला.

बँड आपला वाजतोच आहे! मी हात वर केला की थांबायचं, असं मास्तरांना बजावून ठेवलं होतं. आणि माझे दोन्ही हात लॉर्नाच्या पाठीवर होते.