पिंजरा म्हणायचं नाही

आमच्या गजभिये सरांच्या घरी कुणी गेलं, की दार अर्धंच उघडून ते विचारतात, "काहून आले?" चहाचं नाव नाही. बसा म्हणणं तर लांबच राहिलं. आणि हाच माणूस प्रयोगशाळेतल्या बाटलीत पाहुण्याला नीट जागा मिळाली की नाही, या काळजीनं दुपारचा डबा तसाच परत नेतो. मी त्यांच्याच रसायनशास्त्र विभागात शिकवते आणि मनीषनगरात त्यांच्याच समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. म्हणजे कॉलेजात सोसायचं ते सोसायचंच, घरी येऊनही सुटका नाही.

बाटलीतला पाहुणा ही काय भानगड आहे, ते सांगते. सर आतून पोकळ असलेले रेणू बनवतात. सगळं जग त्यांना पिंजरा म्हणतं. हे पाण्यात सोडले, की पाण्याशी न पटणारा एखादा दुसरा रेणू मुकाट्यानं त्या पोकळीत जाऊन बसतो. तो पाहुणा. मग निळा दिवा लावायचा. पोकळीच्या भिंती तो उजेड झेलतात आणि आतल्या पाहुण्याचं रूपच पालटून टाकतात. तोच पाहुणा बाहेर उघड्यावर असता, तर उजेडानं त्याचं भलतंसलतं काहीही झालं असतं. आत अंग हलवायला जागा नसते, म्हणून हवी ती एकच गोष्ट तयार होते. सगळी करामत त्या जागेची.

पण पिंजरा हा शब्द सरांसमोर काढायची सोय नाही. एकदा बाहेरगावचे एक बडे परीक्षक तो शब्द बोलून गेले, तर सरांनी त्यांना अर्ध्यात तोडून विचारलं, "तुमी पाहुण्याले पिंजऱ्यात बसवता का जी?" सरांच्या मते ते घर. आत येतो तो पाहुणा, आणि घरात तयार होते ती पोरगी. पोरगी घराबाहेर पडली, की दुसऱ्या पाहुण्याला जागा होते. आमच्या अख्ख्या विभागाची भाषा या माणसानं बिघडवून ठेवली आहे. भर व्हरांड्यात, "आज पोरगी निघाली का?" असं ओरडून विचारतात आणि प्रवेशासाठी आलेले पालक जागच्या जागी थबकतात.

यंदा मात्र पोरगी निघेना. आत तिचं इतकं छान जमलं, की जागा सोडायला तयार नाही. नवा पाहुणा बाहेर ताटकळत, काम ठप्प. सर मुळातच तापट, त्यात हे. टेबलावर हात आपटणं, संशोधन करणाऱ्या पल्लवीवर डाफरणं, माझ्या डब्यातल्या भाजीला नावं ठेवणं, सगळं सुरू झालं.

त्याच दिवसांत त्यांची खरी पोरगी, अस्मिता, पुण्याचा संसार मोडून माहेरी आली. एवढीशी बॅग घेऊन. आई नाही तिला. सरांनी काही विचारलं नाही. स्वतःची खोली तिला दिली आणि आपण हॉलमधल्या दिवाणावर पाय दुमडून झोपू लागले. एका सकाळी माझं दार ठोठावून, भांडायला आल्यासारखे म्हणाले, "मॅडम, पोरींले नाश्त्याले काय आवडते?" मी म्हटलं, तिलाच विचारा ना. तर माझ्यावरच उखडून चौकातून तर्री पोहे आणायला गेले. लेकीशी बोलणं मात्र "जेवली का"च्या पुढे सरकेना.

आणि आमच्या बिल्डिंगमधल्या बायका! जिभेला काही हाड? लिफ्टमध्ये गाठून तिला विचारायच्या, किती दिवस आहेस वं? जसं काही तिच्या बापाच्या घराचं भाडं याच भरतात. पोरगी नुसती मान खाली घालायची. माझं डोकं असं सणकायचं, की विचारू नका.

रविवारी सकाळी सर गॅलरीत उभे राहून पल्लवीला झापत होते. आवाज असा, की फोन नसता तरी चाललं असतं. "पोरगी निघून काहून नाही राहिली? नुसती आत बसून आहे. दुसऱ्याले पाय ठेवाले जागा नाही. कसंही कर, पण काढ तिले बाहेर. हिच्यापायी माह्या घराचा सत्यानाश झाला."

मला हसू आलं. रोजचंच होतं ते. थोड्या वेळानं कचरा ठेवायला दार उघडलं, तर अस्मिता बॅग घेऊन लिफ्टची वाट बघत उभी. डोळे लाल. कुठे निघालीस विचारलं, तर म्हणाली, "इथंच जवळ, बेसाला, मैत्रिणीकडे. माझी अडचण होते बाबांना. आत्ताच ऐकलं ना मी."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि अशी तिडीक गेली म्हणता! तिचा दंड धरला आणि तशीच सरांच्या घरात घुसले.

"सर, तुमची पोरगी निघाली."

सरांचा चेहरा असा खुलला, की इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. "निघाली? शेवटी निघाली? पल्लवीचा फोन आला का तुमाले?"

या माणसाच्या डोक्यात अजून बाटलीच. आणि अस्मिता माझ्या पाठीमागे उभी राहून हे ऐकते आहे. त्या वेळी हातात लाटणं असतं तर मी काय केलं असतं, देव जाणे. मी ओरडले, "बाटलीतली नाही हो. ही. तुमचा फोन ऐकलाय हिनं."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग बॅगकडे. आपण फोनवर काय काय बोललो, ते एकेक आठवत गेलं असावं, कारण तोंडावरचा रंगच उतरला. मग त्यांना जे येतं तेच त्यांनी केलं. चिडले. तिच्या हातातली बॅग हिसकावली आणि पोटाशी धरून दिवाणावर बसले.

"ते बाटलीतलं बोलणं होतं वं. तुले कोण जा म्हणून राहिलं? जाचं असन तर जाय," इथं आवाज फाटला, "पण बॅग नाही देत मी."

अस्मिता रडली, मग हसली, मग त्यांच्या शेजारी बसून पुन्हा रडली. सरांनी बॅग काही खाली ठेवली नाही. मी आत जाऊन चहा टाकला. त्या घरात मी प्यायलेला तो पहिला चहा, तोही मीच केलेला.

सोमवारी प्रयोगशाळेत पल्लवी चाचरत म्हणाली, "सर, पोरगी अजून घरातच बसून आहे."

मी म्हटलं, आता टेबल फुटतंय. पण सर खाली मान घालून काचेची नळी पुसत राहिले. मग म्हणाले, "पोरगी नको म्हणू तिले. आन त्याले घर नको म्हणू."

"मग काय म्हणू, सर?"

"पिंजरा म्हण," सर म्हणाले. "घरातून पोरीले कोणी काढत नसते."