पाहणीची साखळी

आमच्या इमारतीची लिफ्ट बिघडली, दुरुस्त झाली आणि दुरुस्त झाल्यामुळे बंद ठेवण्यात आली. नियम असा की दुरुस्त लिफ्ट तपासनिसाने जागेवर येऊन 'योग्य' ठरवल्याखेरीज चालवायची नाही. तोवर दाराला लाखेचं सील. आई सहाव्या मजल्यावर आणि तिचे गुडघे तिच्याआधीच निवृत्त झालेले. त्यात धाकटी मावशी आलेली. शनिवारी ती कायमची परदेशी, मुलाकडे निघाली होती आणि डॉक्टरांनी तिला दोन मजल्यांपेक्षा जास्त चढायला बंदी केली होती. त्यामुळे दोघी बहिणी रोज दुपारी भेटायच्या त्या अशा : मावशी खाली बाकावर, आई वर खिडकीत, दोघींच्या कानाला फोन.

"वाळलीस गं," आई म्हणायची.

"एवढ्या उंचावरून सगळेच वाळलेले दिसतात. खाली ये, मग बघ."

लिफ्ट-तपासणी कार्यालयात प्रोग्रामर मीच. म्हणजे काम घरचंच, आणि घरचं म्हणूनच ते राहिलं.

गेल्या वर्षी अधीक्षकसाहेबांनी मला बोलावलं. "अहो, जो तो मलाच विचारतो. काहीतरी करा." मी त्यांना प्रॉक्सी करून दिला. प्रॉक्सी म्हणजे तुमच्या नावाने उभा राहणारा प्रोग्राम. तुम्हाला मारलेली हाक तो झेलतो, तिची नोंद करतो आणि काम पुढे कोणाकडे तरी सोपवतो. या सोपवण्याला आम्ही डेलिगेशन म्हणतो. त्यातून हा डायनॅमिक. म्हणजे त्याला नुसती कामांची यादी द्यायची, की तो जागच्या जागी तयार. काम कसं करायचं हे त्याला ठाऊक असावं लागत नाही.

"साहेब, तुम्ही करता त्या कामांची यादी द्या," मी म्हणालो.

साहेबांनी दिवसभर विचार करून तीन कामं लिहिली : सही करणे, 'बघू' म्हणणे, खाली पाठवणे. नंतर साहेब पंधरा दिवस रजेवर होते, हे कुणाला कळलंसुद्धा नाही. उलट साहेब हल्ली जागेवर सापडतात, असं लोक म्हणू लागले.

मग मुख्य कारकूनबाई आल्या. "आम्ही काय घोडं मारलंय?" त्यांनाही दिला. शेवटी तपासनीस आला. त्याची यादी : जागेवर जाणे, पाहणे, अभिप्राय देणे.

"जागेवर जाणं प्रॉक्सीला कसं जमणार?"

"मग ते वर सोपवा की! डेलिगेशन का काय म्हणता ते."

सोपवलं. साहेबांचा प्रॉक्सी बाईंच्या प्रॉक्सीकडे पाठवी, बाईंचा तपासनिसाच्या, आणि तपासनिसाचा पुन्हा साहेबांच्या. काम कोणीच नाकारत नव्हतं, हे मुद्दाम नमूद करतो.

लिफ्टच्या पाहणीसाठी आईचा अर्ज सोमवारी सकाळी दाखल झाला. दुपारपर्यंत त्याने चार हजार एकशे बारा फेऱ्या मारल्या. आमच्या पद्धतीत पुढे पाठवलेला प्रत्येक कागद 'निकाली' धरला जातो. मुख्यालयाने तो आकडा पाहिला आणि बुधवारी पत्र आलं : सर्वांत वेगवान कार्यालयाचा मान आम्हाला, समारंभ शनिवारी.

शुक्रवारी मी तपासनिसाच्या टेबलाशी गेलो. "स्वतः चला ना हो. दहा मिनिटांचं काम आहे."

तो दचकला. "अर्ज माझ्या प्रॉक्सीकडे आहे. त्याला डावलून मी गेलो, तर ती अनधिकृत पाहणी होईल."

"पण प्रॉक्सी म्हणजे तुम्हीच ना?"

"तेच तर सांगतोय. मी आधीच बघतोय."

साहेबांकडे गेलो. ते भाषण पाठ करत होते. "वेडेबिडे आहात का? आज साखळी तोडली तर आकडा घसरेल. सोमवारी बघू."

खरं म्हणजे साखळी मला एकट्याला तोडता आली असती. एक ओळ खोडायची होती. पण सत्कारात माझंही नाव होतं, आणि सोमवार काही लांब नव्हता.

आता एक कबूल करतो. माझाही एक प्रॉक्सी आहे. आईचे दिवसाला वीस निरोप यायचे, माणसाने काम कधी करायचं? यादी छोटीशी : 'हो आई', 'मागे लागलोय', 'जेवलो'. आई खूश होती. मुलगा हल्ली लगेच उत्तर देतो, असं ती मावशीला सांगायची.

शनिवारी मी शाल-श्रीफळाविना, पण टाळ्यांसकट सन्मानचिन्ह घेऊन घरी आलो. जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर आई पायरीवर बसलेली दिसली. एकटीच. चपला हातात.

"आई! इथे काय करतेस?"

"तुला विचारूनच निघाले," ती म्हणाली आणि फोन माझ्यापुढे धरला.

'धाकटी निघाली रे. काय करू?' – 'मागे लागलोय.'

'जिन्याने उतरू का?' – 'हो आई.'

'एकटीच उतरते मग.' – 'जेवलो.'

"बसत बसत तीन मजले उतरले," आई म्हणाली. "ती दोन चढून आली. पुढे तिला दम लागला आणि माझे गुडघे उठेनात. मधे एकच मजला राहिला बघ. वाकून पाहिलं, तर कठड्यावर तिचा हात दिसला. नुसता हात. मग खाली गाडीवाल्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली." तिने हातातल्या चपला पायरीवर ठेवल्या. "कोणीतरी धरायला असतं, तर उतरले असते रे मी."

मला रडू आलं. तिने माझ्या हातातल्या सन्मानचिन्हाकडे पाहिलं.

"कशाचं मिळालं?"

"वेगाचं."

"छान," आई म्हणाली. "आता उचल मला."

तुम्ही म्हणाल, काय हे कार्यालय आणि काय हा मुलगा! म्हणा, खुशाल म्हणा. पण आज सकाळी तुमच्या आईचा एक लांबलचक निरोप आला होता. तो पुरता न वाचता तुम्ही त्यावर वर केलेला अंगठा पाठवून दिलात. तुमच्याकडे तर प्रॉक्सी बसवायला मी कधी आलोही नव्हतो. तुमची यादी तुमची तुम्हीच भरलीत.