मास्तरांच्या मापाची फटफटी

मास्तरांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, पॅन्टीची लांबी मात्र पक्की लक्षात राही. त्यामुळे ते माणसाला लांबीनंच हाक मारत. "ए एकोणचाळीस, चहा घेणार काय?" असं त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. एकोणचाळीस म्हणजे मीच होतो.

ते बेलबॉटमचे दिवस होते. राजारामपुरीत मास्तरांचं टेलरिंगचं दुकान होतं आणि दुकानामागची एक खोली मी भाड्यानं घेतली होती. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. गावाकडं मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर, दुसरे कुठले आम्हाला माहीत नव्हते. "मास्तराच्या घरात ऱ्हायाला मिळतंय, नशीब समज," असं वडिलांनी बजावून पाठवलेलं. म्हणून मी पहिल्या दिवशी वाकून पाया पडलो आणि फार आदरानं विचारलं, "आपण कोणता विषय शिकवता?"

मास्तरांनी तोंडातली टाचणी काढली. "शर्ट आन् पॅन्ट. बायकांचं न्हाय शिवत."

मास्तर उंचीनं कमी होते. किती कमी, ते मला सांगता येणार नाही, कारण साऱ्या गल्लीची लांबी पाठ असलेल्या या माणसानं स्वतःची लांबी कुणालाच कधी सांगितली नाही. कापायच्या टेबलाशी उभं राहताना त्यांच्या पायाखाली एक लाकडी खोकं असे, एवढंच मी पाहिलं आहे. त्यांची बायको, म्हणजे काकी, बरोबर उलट. दुकानातून घरात जाताना त्यांना दारात मान वाकवावी लागे. दोघं मंडईला निघाली की मास्तर भराभरा पुढं चालत. मला वाटे, त्यांना घाई असेल. पुढं समजलं की दोघं शेजारी शेजारी चालली की लोक बघतात, ते त्यांना नको असे.

त्यांच्या लग्नात हार घालायच्या वेळी मांडवातून कुणीतरी ओरडलं होतं, "नवऱ्या मुलाला पाट द्या रं!" सगळा मांडव हसला. ही गोष्ट मला काकींनीच सांगितली. सांगताना त्या हसल्या नाहीत.

पण मास्तरांना खरं लागलं होतं ते वेगळंच. काकींचं माहेर मुरगूडला. तिथं त्यांचा भाऊ बळवंत, तालमीतला गडी, दाराएवढा. त्याची स्वतःची फटफटी होती. ही दोघं एसटीनं मुरगूडला उतरली की बळवंत घ्यायला यायचा आणि "या दाजी, बसवतो" म्हणून, सगळ्या स्टँडदेखत, मास्तरांना काखेत हात घालून उचलायचा आणि सीटवर ठेवायचा. मळ्यात पोचल्यावर परत तसंच उचलून खाली. त्याच्या मनात काही वाईट नसावं. पण एकदा उचललेलं असताना शेजारच्या एका पोरानं टाळ्या वाजवल्या, आणि मास्तरांनी तिथंच शपथ घेतली.

"आता मुरगूडला पाय ठेवीन तर सोताच्या फटफटीवरनं. मागं ही बसंल. आन् मळ्यात जाऊन थांबलो की माझं दोन्ही पाय भुईला टेकलं पायजेत. कुणी हात लावायचा न्हाय."

शपथ मास्तरांची, पण माहेर तुटलं काकींचं. "जाऊ तर दोघं जाऊ," असं म्हणून त्याही गेल्या नाहीत. तिकडं त्यांची आई थकलेली. मुरगूडकडचं कुणी दुकानात आलं की निरोप असायचा, "म्हातारी वाट बघतीया." मास्तर मान न उचलता मशीन जोरात चालवायचे.

मी खोलीत राहायला आलो तेव्हा दुकानामागच्या बोळात एक जुनी, मेलेली फटफटी उभी होती. भंगारवाल्याकडनं आणलेली. मास्तर तिच्याकडं एखाद्या गिऱ्हाइकाकडं बघावं तसे बघत. मला म्हणाले, "ही मोठ्या माणसाची पॅन्ट हाय. आपल्याला आल्टर करायची हाय."

मी भीत भीत विचारलं, "मास्तर, त्यापेक्षा एखादी जुनी स्कूटर घेतली तर? ती बुटकीच असते." बुटकी हा शब्द तोंडातून गेल्यावर मला घाम फुटला.

मास्तर रागावले नाहीत. "स्कूटर ही काय गाडी हाय? पायापुढं पत्रा, आन् खुर्चीत बसल्यागत बसायचं. बळवंता बघून म्हणंल, दाजी, कचेरीत निघालाईसा काय?"

विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून जे लागेल ते मास्तर शिवणाच्या बदल्यात मिळवत. एकाला लग्नाचा सूट शिवून दिला, त्याच्याकडनं स्कूटरची दोन छोटी चाकं आली. चाकं छोटी म्हणजे गाडी खाली आली. पेट्रोलची टाकी एका विहिरीवरच्या जुन्या इंजिनाची होती, तिला शेणाचा वास बरेच दिवस येत राहिला. सीटच्या आत बेलबॉटमच्या कापलेल्या चिंध्या ठासून भरल्या. मास्तर म्हणायचे, "निम्म्या राजारामपुरीच्या पॅन्टी हायत ह्यात."

सांगाड्याचं काम उद्यमनगरातल्या बाबालाल मिस्त्रींकडं होतं. हे वेल्डिंग करत. त्यांच्या पोरांचे शाळेचे गणवेश मास्तर शिवत, आणि बाबालालचाचा मास्तरांचे पाईप जोडत. या दोघांची बोलणी ऐकायला मी कॉलेज सुटलं की मुद्दाम जायचो.

मास्तर वर्तमानपत्राच्या कागदावर फटफटीचं कटिंग काढून न्यायचे. पाईपवर टेलरच्या खडूनं रेघ मारायचे. आधी रेघ, मग मागं सरून डोळा बारीक करून बघणं, मग परत टेप.

"मास्तर," बाबालालचाचा म्हणायचे, "काज-बटणं कुठं करायची तेवढं सांगून ठिवा."

"तू आधी कच्चा टाका मार. ट्रायल झाल्याबिगर पक्का मारायचा न्हाय."

"ह्यो टाका सुईचा न्हाय, मास्तर. उसवाया गेलं तर पाईप जातोय."

"जाऊ दे. अंगावर बसलं पायजे. कोट तयार मिळतोय आता दुकानात, बघितलाईस न्हवं? खांदा एकीकडं, मान एकीकडं. तसलं मला नको."

अशी ती गाडी दोनदा कापली आणि दोनदा जोडली. शेवटी ट्रायलचा दिवस आला. मास्तर नवी कापशी चप्पल घालून बसले. कापशी म्हणजे जाड तळाची, करकर वाजणारी. दोन्ही पाय जमिनीला टेकले. मास्तरांचं तोंड असं फुललं की बाबालालचाचांनी लगेच पक्कं वेल्डिंग मारून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर रोजची झिजलेली चप्पल घालून बोळात गाडीवर बसले. टाचा अधांतरी. कितीही ताणल्या तरी अधांतरी.

गिऱ्हाइकाची लांबी घेताना "चप्पल काढा" असं रोज बजावणाऱ्या मास्तरांनी स्वतःची लांबी जाड चप्पल घालून घेतली होती.

"ती नवी चप्पलच घालत जावा की," काकी दारातून म्हणाल्या.

"आन् पावसात? गाडीवर जाईन तवा मी उंच, उतरलो की परत हाय तेवढाच व्हय?" मास्तर चिडले. गाडी परत उद्यमनगरात गेली.

या वेळी बाबालालचाचांनी कापायच्या आधी एक शंका काढली. मला ती तेव्हाच पटली होती, पण मध्ये बोलायचा धीर झाला नाही. ते म्हणाले, "मास्तर, उंची कापली. पर इंजिन हाय तेवढंच हाय. वजन कुठं कापणार? नुसतं पाय टेकून भागत न्हाय, गाडी धराया जोर लागतोय. मागं वैनी बसल्यावर तर..."

"ते माझं मी बघतो," मास्तर म्हणाले. "तू टाका मार."

दिवाळीनंतर गाडी तयार झाली. दिसायला ती कशी होती, हे मला नीट सांगता येणार नाही. लांबट आणि खुजी, म्हशीच्या रेडकासारखी. आवाज मात्र मोठ्या गाडीचा. मास्तर एकटे बसून गल्लीतनं फिरले तेव्हा वाणी, न्हावी, दवाखान्यातले पेशंट, सगळे बाहेर आले. एकजण ओरडला, "मास्तर, गाडी धुतल्यावर आटली काय?" मास्तरांनी त्याच्याकडं बघितलंही नाही.

मुरगूडला निघायच्या सकाळी काकी नऊवारीत, दोन्हीकडं पाय टाकून मागं बसल्या. समोरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. काकी मोठ्यानं म्हणाल्या, "हसा की. एकीकडं बसले तर गाडी कलंडंल, मग आणि हसशीला!" त्यांचे गुडघे जवळजवळ मास्तरांच्या खांद्याला लागत होते. हातात आईसाठी घेतलेल्या लुगड्याचं बोचकं होतं.

मी त्यांच्या मागं मुख्य रस्त्यापर्यंत पळत गेलो. खरं सांगायचं तर, बाबालालचाचांची शंका माझ्या डोक्यातून गेली नव्हती. कोपऱ्यावर सिटी बस आडवी आली आणि मास्तरांना ब्रेक मारावा लागला. गाडी थांबता थांबता डावीकडं झुकू लागली. तेवढ्यात मी पाहिलं. मास्तरांचे पाय खाली यायच्या जरासे आधी काकींचे दोन्ही पाय जमिनीवर आले होते. भक्कम, रोवल्यासारखे. कलणारी गाडी सरळ झाली. मग मास्तरांचे पाय टेकले.

मास्तरांनी मागं वळून मला ओरडून सांगितलं, "बघितलंस, एकोणचाळीस? दोन्ही!"

काकी माझ्याकडं न बघता समोरच्या बसकडं बघत राहिल्या.

मुरगूडचा सगळा वृत्तांत परत आल्यावर काकींनी सांगितला. बळवंता हात पुढं करून धावत आला होता. मास्तर म्हणाले, "पावणं, हात खाली." आणि उतरून उभे राहिले. म्हातारीनं गाडीसकट दोघांवरनं भाकर-तुकडा ओवाळून टाकला. बळवंतानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "दाजी, मला बसून बघू?" तो बसला तर त्याचे गुडघे हनुवटीला लागले. "त्याला म्हटलं, ही शिवून घेतलेली हाय, दुसऱ्याच्या अंगाला व्हायची न्हाय," मास्तर मध्येच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं.

त्यानंतर ती दोघं मुरगूडला वरचेवर जाऊ लागली. एका दुपारी मास्तर बोळात सीट उसवून चिंध्या नव्यानं भरत होते. काकी आत भाकरी थापत होत्या. मी बराच वेळ मनाशी जुळवाजुळव केली आणि म्हणालो, "मास्तर, मागची सीट तेवढी उंच करा की. काकींचे गुडघे फार वर येतात. एवढ्या लांबच्या रस्त्यात अवघडत असतील."

मास्तरांचा हात थांबला. त्यांनी दाराकडं पाहिलं आणि हळू आवाजात, मी त्यांना इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं, म्हणाले, "उंच केली तर तिचं पाय कसं टेकतील?"

मी चिंध्यांचा ढीग त्यांच्याजवळ सरकवला.

"आधी तिच्या पायाचं माप धरलं, मग माझ्या," ते म्हणाले. "वजन मला एकट्याला पेलत न्हाय, ते काय मला कळत न्हाय व्हय? पर तू तिला बोलू नगंस. तिला वाटतंय, मला ठावं न्हाय."

मग त्यांनी मूठभर चिंध्या सीटमध्ये कोंबल्या आणि आत ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाले, "माझी गाडी धराया मला कुणी लागत न्हाय, समजलास? एकटा धरतो मी!"

आतून येणारा भाकरी थापल्याचा आवाज क्षणभर थांबला.

"व्हय की," काकी म्हणाल्या. "आमी नुसतं बसून येतो."